सेंट्रल ओटागोत सायकल: रेल ट्रेल, डनस्टन की रॉक्सबर्ग?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मोटारींची कटकट नसलेल्या, खडीच्या वाटेवर सायकल चालवायची म्हटलं की पहिलं नाव निघतं ओटागो सेंट्रल रेल ट्रेलचं, म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरच्या सायकलवाटेचं. क्लाइड ते मिडलमार्च, 152 किलोमीटर. आकडा ऐकूनच बरेच जण कच खातात आणि ‘एका दिवसात आटोपेल’ म्हणून लेक डनस्टन ट्रेल धरतात. क्रॉमवेल ते क्लाइड, जेमतेम 42 किलोमीटर. गणित फसतं ते इथेच. दमवणारा आणि पोटात गोळा आणणारा मार्ग 42 किलोमीटरचा आहे. 152 किलोमीटरवाला तर रोज सायकल न चालवणारी माणसंही दिवसाला तीस-चाळीसच्या हिशेबाने गप्पा मारत पार करतात. म्हणून लांबी बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी बघा: वाटेच्या कडेला किती खोल आहे, आणि मध्येच नको वाटलं तर बाहेर पडायला रस्ता आहे का.

तिसरा पर्याय रॉक्सबर्ग गॉर्ज ट्रेलचा. तो अलेक्झांड्राहून सुटतो, डनस्टन क्लाइडला संपतो आणि रेल ट्रेल या दोन्ही गावांतून जातो. दोन्हींमध्ये अंतर आठ किलोमीटरचं, त्यामुळे मुक्काम कुठल्याही एका गावात टाकला तरी तिन्हींचा विचार होऊ शकतो. मुलूख उघडाबोडका, कोरडेपणात माणदेशाच्या पंक्तीला बसेल असा: अलेक्झांड्राला वर्षाकाठी साधारण साडेतीनशे मिलिमीटर पाऊस.

तळी आणि खाणी दोन्ही बघायच्या असतील, तर आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. इथली दोन्ही मोठी तळी धरणांची आहेत आणि ती सोन्याच्या जुन्या खाणकामाच्या जागेवरच भरली आहेत. ऑगस्ट 1862 मध्ये हार्टली आणि रायली या दोघांनी 87 पौंड सोनं डनीडिन शहरात आणून जमा केलं आणि क्लुथा नदीच्या या घळीत माणसांचा लोंढा लोटला. ते सोनं नदीकाठच्या वाळूतलं. ते काठ आता लेक डनस्टनच्या तळाशी आहेत, कारण क्लाइड धरणाचं पाणी 1992-93 मध्ये भरलं. जुन्या क्रॉमवेलचा बाजाररस्ताही त्यात गेला. काही इमारती उचलून वर नव्याने उभारल्या, आज ‘हेरिटेज प्रिसिंक्ट’ म्हणून दाखवतात त्या ह्याच. खालच्या अंगाचं लेक रॉक्सबर्ग 1956 चं. तेव्हा सायकलवरून दिसतं ते पाणपातळीच्या वर उरलेलं: शिस्ट दगडाच्या बिनचुन्याच्या झोपड्या, कपारीला भिंत घालून केलेले निवारे, पाणी वळवून आणायचे पाट, धुऊन काढलेले उभे कडे.

लेक डनस्टन: देखणा आणि दगा देणारा

क्रॉमवेलहून निघाल्यावर पहिले पंधरा-सोळा किलोमीटर सगळं छान छान असतं. वाट कावाराउ नदीच्या फाट्याने वर जाते, बॅनॉकबर्नच्या पुलावरून पलीकडे उतरते आणि समोरच्या काठाने परत येते. कॉर्निश पॉइंटला पोचलात की तुमचं निघालेलं गाव पाण्यापलीकडे समोरच असतं. इथवर कुणीही येऊ शकतं. लहान मुलं बरोबर असतील तर बॅनॉकबर्नला खाऊनपिऊन इथूनच माघारी फिरणं शहाणपणाचं.

कॉर्निश पॉइंटच्या पुढे घळ सुरू होते आणि जवळपास 25 किलोमीटर बाहेर पडायला रस्ता नाही. हायवे समोरच्या काठावर दिसतो, ट्रकचा आवाजही येतो, पण मध्ये तळं. कड्याला बोल्ट मारून टांगलेल्या लाकडी फळ्यांच्या वाटेवरून सायकल जाते: एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली पाणी. समोरून कुणी आलं तर एकाने थांबायचं. रुंद पॅनिअर, म्हणजे चाकाच्या बाजूंना टांगायच्या पिशव्या, लावलेले असले तर ते खडकाला घासतात आणि सायकल बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. सामान शटलने (सायकलस्वारांची ने-आण करणाऱ्या गाडीने) पाठवा, अंगावर छोटी सॅक पुरे.

मग येते केर्नम्युअर लॅडर, म्हणजे नागमोडी चढ. लोक पडतात ते चढाच्या दमाने नाही, वळणावर चुकीच्या गिअरमध्ये सापडल्याने. वळणाच्या दहा मीटर आधी गिअर हलका करून घ्या. वळणात पेडलवर जोर असताना गिअर बदलायला गेलात की चेन अडकते, सायकल जागच्या जागी थांबते आणि पाय उताराच्या बाजूला पडतो. ई-बाईक असेल तर टर्बो, म्हणजे मोटरचा सगळ्यात जास्त जोर, लावू नका, मागचं चाक भुसभुशीत खडीत घसरतं. मधला असिस्ट आणि सगळ्यात हलका गिअर. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, वळणाच्या आधी; वळणात पुढचा ब्रेक एकटा दाबलात तर चाक निसटलंच. पुढे 86 मीटरचा ह्यूगो झुलता पूल, तो हलतो, आणि मग आणखी चढउतार करत क्लाइड धरण.

उंचीची भीती असणाऱ्याने हा मार्ग घेऊ नये. अर्ध्यावर भीती वाटली तर उपाय काहीच उरत नाही. पाणीही घळीत मिळेलच असं धरू नका: माणशी किमान दोन लिटर, डिसेंबर-जानेवारीत तीन. तळ्यावर कॉफीची बोट असते खरी, पण ती हंगामी आहे. तिच्यावर जेवणाचा हिशेब बांधायचा नाही. मोबाईलची रेंजही जागोजागी जाते.

एवढं सगळं लिहूनही, कडा आणि गिअर ज्याच्या हाताखालचे आहेत त्याने तिघांतून डनस्टनच निवडावा. एका दिवसात इतकं दाखवणारी दुसरी वाट या भागात नाही.

रॉक्सबर्ग: बोटीवर अडलेला

अलेक्झांड्रा ते डॉक्टर्स पॉइंट 10 किलोमीटर सायकल, मग शिंगल क्रीकपर्यंत साधारण 13 किलोमीटर जेटबोट, मग पुन्हा 11 किलोमीटर सायकल करत रॉक्सबर्ग धरण. मधल्या भागात वाटच नाही, म्हणून बोट ही चैन नव्हे, गरज आहे. ती आधी बुक करावी लागते. वेळ चुकली तर आलेले 10 किलोमीटर उलटे चालवायचे. वाटेत एक पंक्चर धरून बोटीच्या वेळेआधी दोन तास निघा.

खाणकाम मात्र इथे सर्वांत जवळून दिसतं. डॉक्टर्स पॉइंटच्या रचीव भिंती आणि उपसलेल्या दगडांच्या राशी वाटेला लागूनच आहेत, चिनी खाणकामगारांचे कपारीतले निवारे घळीभर विखुरलेले. डनस्टनइतक्या गर्दीचा त्रासही नाही. बोटीचे पैसे जड वाटत असतील तर अलेक्झांड्रा ते डॉक्टर्स पॉइंट आणि परत, एवढे 20 किलोमीटर केले तरी अर्धा दिवस सार्थकी लागतो.

रेल ट्रेल: लांब, सोपा, तळ्याविना

रेल्वे 1990 मध्ये बंद झाली, 2000 पासून पूर्ण वाट सायकलींना खुली आहे. चढ 50 मीटरला 1 मीटरच्या वर कुठेच नाही, कारण वाफेच्या इंजिनाला त्याहून जास्त झेपत नव्हतं. 618 मीटरचा माथा क्लाइडपासून सुमारे 70 किलोमीटरवर, ओटुरेहुआ आणि वेडरबर्नच्या मध्ये येतो. चढ कळतही नाही. दर दहा-पंचवीस किलोमीटरवर गाव किंवा निदान पब आहे आणि रस्ता जवळच असल्याने शटलला फोन करून सोडून देता येतं. चार दिवस ठेवा. तीन दिवसांत होतं, पण मग रोज पन्नास, आणि तिसऱ्या दिवशी पाय नाही, बूड बोलतं. पॅड असलेल्या दोन चड्ड्या हव्यातच.

पण इथे तळं नाही. खाणीही बाजूला आहेत: ओटुरेहुआजवळ गोल्डन प्रोग्रेस खाणीचा लाकडी सांगाडा, आणि गाडीने फाटा घेतला तर सेंट बेथन्सचं ब्लू लेक. तिथे पाण्याच्या फवाऱ्यांनी अख्खी टेकडी धुऊन काढली, काम 1934 मध्ये थांबलं आणि उरलेल्या खड्ड्यात निळं पाणी साचलं. वाटेवरची खरी मजा मात्र रेल्वेची: पूलबर्नचा 37 मीटर उंच पूल आणि त्याला लागून दोन बोगदे. आत दिवा नाही. हेडलाइट हवा, आणि गॉगल बोगद्याच्या तोंडाशी काढायचा. दोनशे मीटरच्या अंधारात समोरचा सायकलस्वार न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा तोच असतो.

चूक होते ती टायरच्या हवेत. जिथे खडी जाड आणि सुटी आहे तिथे कडक टायर इकडेतिकडे पळतो. 70 किलोच्या माणसाला 40 मिलिमीटरच्या टायरमध्ये 35 ते 40 पीएसआय, माउंटन बाईकच्या सव्वादोन इंची टायरमध्ये 24-25. तिन्ही वाटांवर रानगुलाबाचे काटे आहेत. ट्यूबलेसमध्ये सीलंट ताजं भरून घ्या. ट्यूब असेल तर दोन जादा. आणि ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर पाच मिनिटांत नवी ट्यूबही गेली.

कधी आणि कशी

ऋतू उलटे. दिवाळीच्या सुट्टीत तिथे वसंत, वारा भरपूर, आणि मॅगपाय पक्षी पिल्लांपायी डोक्यावर झडप घालतात. हेल्मेट तसंही सक्तीचं. डिसेंबर-जानेवारीत तापमान तिशीपार जाऊ शकतं, सावली नाही, उन्हाचा चटका आपल्याकडच्यापेक्षा लवकर बसतो. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल उत्तम. आपली मे महिन्याची सुट्टी सोडा, सकाळी हिमकण पडलेले असतात.

हाताशी एकच दिवस आणि उंचीची भीती नाही: डनस्टन. एक दिवस आणि बरोबर घरची मंडळी: रॉक्सबर्ग, बोटीसह. सहा दिवस असतील तर आधी रॉक्सबर्ग, मग डनस्टन, आणि हात बसल्यावर क्लाइडहून रेल ट्रेलचे चार दिवस.

सायकल भारतातून नेण्याआधी टायरच्या खाचांतली, पेडलमधली आणि बुटांच्या तळव्यांची माती ब्रशने पूर्ण काढा आणि प्रवेश अर्जात वापरलेली सायकल जाहीर करा. चिवडा-लाडूही जाहीर करायचे. जाहीर केलेलं तपासून बहुधा सोडतात किंवा काढून घेतात, न सांगता सापडलं तर जागेवर 400 डॉलर दंड. आठवडाभरासाठी तिथली भाड्याची हार्डटेलच (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाईक) परवडते. आपली सीट आणि पेडल तेवढी बॅगेत टाका.