ड्राफ्ट-लीगल ट्रायथलॉनची सायकल आणि हेल्मेट, दोन-दोन घेऊन झाल्यावरचा रिव्ह्यू

चेक-इनच्या टेबलावरच्या मॅडमनी माझ्या हँडलवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हे काढून आणा. हे म्हणजे माझे साडेसात हजारांचे क्लिप-ऑन (हँडलला लावायचे, पुढे निघणारे दांडे), महिनाभर त्यावर कोपरं टेकवून प्रॅक्टिस केलेली. रेसची आदली संध्याकाळ, शहर अनोळखी, मी फुटपाथवर बसून दुसऱ्याची ॲलन की मागून बोल्ट काढतोय, तेव्हाच ठरवलं की घरी गेल्यावर हे लिहायचं भो, कारण जळगाव-धुळ्याकडे हे सांगणारं कोणी भेटत नाही आणि आपण सगळे व्हिडिओ बघून सामान घेतो, त्या व्हिडिओत असतं ते आयर्नमॅनचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचं सामान.

त्यात आणि ड्राफ्ट-लीगलमध्ये फरक मोठा आहे. गोव्याला ७०.३ (अर्धी आयर्नमॅन) होते ती नॉन-ड्राफ्ट, तिथे पुढच्या सायकलपासून १२ मीटर लांब राहायचं, वारा ज्याचा त्याने कापायचा, म्हणून तिथे टीटी बाईक (टाइम ट्रायलची, एकट्याने वेगात जायची), लांब हँडल, शेपटीचं हेल्मेट हे सगळं बरोबर. ड्राफ्ट-लीगलमध्ये (माझी स्प्रिंट होती, ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं) पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवायची परवानगी असते. पुढचा वारा खातो, मागच्याची ताकद चांगली पाव-तृतीयांश वाचते. पण घोळक्यात दोन चाकांमध्ये हातभरही अंतर नसतं, आणि टीटी हँडलवर कोपरं टेकवली की बोटं ब्रेकपासून लांब, एक पडला की मागचे चार त्याच्यावर. म्हणून ड्रॉप हँडलचीच (टोकं खाली वळलेली) सायकल, डिस्क व्हील (भरीव चाक) नाही. पूर्वी ब्रेक लिव्हरच्या पुढे न जाणारे छोटे क्लिप-ऑन चालायचे, २०२३ पासून तेही बंद. मी वाचलेला लेख त्याच्या आधीचा होता, चूक माझीच. आणि ऑलिम्पिकवाले पण हेच करतात, नॉर्वेच्या ब्लूमेनफेल्टने टोकियोचं गोल्ड ड्रॉप हँडलच्या रोड बाईकवर घेतलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात आयर्नमॅन वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली ती टीटी बाईकवर. माणूस तोच, सायकल वेगळी.

आता माझ्या सायकली. पहिली सेकंडहँड कार्बन एरो (वारा कापायला आकार दिलेली) रोड बाईक, ६० मिलीमीटर खोल रिमची चाकं, दिसायला एकदम खतरनाक. नियमात बसते, तो प्रश्न नाही. पण पाळधीकडून एरंडोलला निघालं की डाव्या हाताने वारा येतो आणि शेजारून कंटेनर गेला की आधी आत ओढतो मग बाहेर फेकतो, त्या खोल रिम शिडासारख्या वारा पकडतात आणि हँडल हातात राहत नाही. एकट्याला चालून जातं, घोळक्यात तसं एक फूट जरी सरकलात तर शिव्या खाल. दुसरं म्हणजे या रेसमध्ये यू-टर्न खूप, टर्नवर सगळे ब्रेक मारतात आणि बाहेर पडल्या पडल्या जोरात उठतात, जो तिथे दोन सायकलींचं अंतर सोडतो तो पुढचे पाच मिनिटं एकटा वारा खातो. तिथे जड रिम फिरवताना मांड्या भरून येतात, एरोचा जो काय फायदा तो तिथेच संपतो.

दुसरी आता वापरतो ती साधी ॲलॉय फ्रेम, शिमानो १०५ गिअर, पुढे ५०-३४ दाते, मागे ११-३०, २८ मिलीमीटरचे टायर, डिस्क ब्रेक. वजन साडेनऊ किलो, लळिंगचा घाट चढताना ते जाणवतं, खोटं कशाला बोलू. पावसाळ्यात काळ्या मातीचा रेंदा रोटरला (ब्रेकच्या चकतीला) लागला की ब्रेक असा किंचाळतो की पूर्ण मेहरूणला कळतं कोण आलं. टायर मात्र मी जाड काट्यारोधक लावलेत ट्रेनिंगला, आपल्याकडे बाभूळ आहे तोपर्यंत पर्याय नाही, रेसच्या आठवड्यात बदलतो. पण कॉर्नरला जिथे बघाल तिथे ही जाते आणि जिथे थांबवाल तिथे थांबते. मेहरूण तलावाला आम्ही चौघं रविवारी पहाटे चकरा मारतो, एकमेकांच्या चाकाला लागून, पाळीपाळीने पुढे. त्या चार रविवारांनी जेवढं शिकवलं तेवढं ६० च्या रिमने नाही. (केळीच्या ट्रकमागे ड्राफ्टिंग करणाऱ्या हिरोंसाठी : रेसमध्ये गाडीमागे चाललेलं बेकायदा आहे आणि हायवेवर ट्रकवाल्याला तुम्ही दिसतच नाही.)

हेल्मेटचा किस्सा वेगळाच. पहिलं घेतलं शेपटीवालं टीटी हेल्मेट, कान झाकणारं, ऑनलाइन. मागवलं मीडियम, आलं लार्ज, बदलायला अठरा दिवस लावले त्या विक्रेत्याने. पहिल्या दिवशी घालून गल्लीतून निघालो तर ओट्यावरचे अप्पा म्हणे, "हाई काय शे रे भाऊ, डोकावर?" मे महिन्यात भुसावळ रोडला पारा ४४ वर, भोकं दोनच, तासाभरात घाम डोळ्यात आणि कानात प्रेशर कुकर. गरम तर आहेच पण घोळक्यात खरी अडचण ही की मागे वळून बघितलं की शेपटी पाठीवर आपटते, मागचा "डावीकडून, डावीकडून" ओरडतोय ते ऐकू येत नाही. आणि मान खाली गेली की शेपटी वर, म्हणजे वाऱ्याला फायदा तुमचा नाही, नुकसानच.

आता साधं रोड हेल्मेट आहे, भरपूर भोकं, २७० ग्रॅम, आत मिप्सचा पिवळा पातळ थर, तिरकं आपटलं तर कवच थोडं सरकतं आणि डोक्याला पीळ कमी बसतो. सगळ्यात भारी त्याचं चुंबकाचं बक्कल. पाण्यातून धावत येता, हात ओले, बोटं बधिर, आणि नियम असा की रॅकवरून सायकल उचलायच्या आधी पट्टा बंद हवा, परत रॅकला लावेपर्यंत उघडायचा नाही. पहिल्या रेसला साध्या क्लिपने हनुवटीची कातडी चिमटली, तीन वेळा सुटलं, माझ्यासोबत पाण्यातून निघालेला ग्रुप तोपर्यंत माउंट लाइनपार (जिथून सायकलवर बसायचं ती रेघ). चुंबकाचं एका हाताने टक्क लागतं. मी ते हँडलवर उलटं ठेवतो, पट्टे बाहेर पसरून, शूज पेडलला आधीच अडकवलेले आणि शूजची टाच सायकलला साध्या रबरबँडने बांधलेली, पेडल मारलं की तुटतं. पाच रुपयांचं रबर, पाच सेकंद वाचतात.

मोटारसायकलचं आयएसआय हेल्मेट चालेल का, असं दोघांनी विचारलं. नाही. सायकलसाठी ईएन १०७८ लिहिलेलं बघा. आणि एकदा जोरात आपटलं तर वरून कितीही चांगलं दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो, फेकून द्या, भावाला देऊ नका.

एरो सायकल पुण्याच्या एका मित्राला दिली. क्लिप-ऑन आणि शेपटीवालं हेल्मेट अजून माझ्याकडे पडलंय, हेल्मेट फार तर दहा वेळा वापरलेलं, साइज मीडियम, कधी पडलेलं नाही. जळगाव-भुसावळमधलं कोणी यंदा गोव्याची तयारी करत असेल तर अर्ध्या किमतीत घेऊन जा, तिथे ते कामाचं आहे.