चित्रांची वही: नऊ महिने वापरल्यावर

मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. ऑटिझम आहे हे तिसऱ्या वर्षी कळलं. बोलत नाही. काही हवं असलं की माझं मनगट धरून ओढत न्यायचा, पुढचं मी ओळखायचं. नाही ओळखलं तर स्वतःचा हात चावायचा. फेब्रुवारीत स्पीच थेरपीच्या मॅडमनी चित्र देऊन मागायची पद्धत सुरू केली. पेक्स म्हणतात तिला. अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेत तयार केलेली. शिकवणं मॅडमचं, वही मात्र आम्ही घरीच केली.

आधी सामानाचं सांगतो, कारण चुका तिथंच जास्त झाल्या. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, त्यामुळं हातानं काहीही जमेल अशी घमेंड होती. दोन इंची फोटो, लॅमिनेशन, वेलक्रो, जाड फाइल. कार्डाचे कोपरे गोल कापा, आमचा कार्ड गालावर घासतो. फोटोभोवती प्लास्टिकची कड सोडा, नाहीतर लाळ आत जाते. वेलक्रोची खरबरीत बाजू कार्डाला आणि मऊ बाजू वहीला, हे घरातल्या सगळ्यांनी एकदाच ठरवून घ्या. बायकोनं आणि मी अर्धी अर्धी कार्डं केली आणि दोघांच्या बाजू उलट्या! जुलैत पट्ट्या सुटायला लागल्या. कोल्हापूरच्या पावसात कपडे वाळत नाहीत, तिथं गोंद कुठला टिकतोय. शेवटी पानांवरच्या पट्ट्या चप्पल शिवणाऱ्या मामांकडून शिवून आणल्या. तेव्हापासून एक हललेली नाही.

पहिल्या टप्प्याला दोन माणसं लागतात. एक समोर वस्तू घेऊन, दुसरं पोराच्या मागं. मागचा फक्त हात धरून कार्ड उचलायला लावतो, तोंडातून अक्षर काढत नाही. समोरच्यानंही 'काय पाहिजे?' विचारायचं नाही. मागायची सुरुवात पोराकडून व्हायला हवी, सगळा खेळ तेवढ्यासाठीच. आजीला हे काही केल्या पटेना. 'चुरमुरे म्हण की रं बाळा' सुरूच. चित्रांची सवय लागली तर पोरगं बोलायचंच नाही, ही तिची भीती. मॅडमनी तिला समजावलं की चित्रांमुळं बोलणं अडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजी गप्प बसली, पटलं म्हणून नव्हे, डॉक्टरबाई म्हणाल्या म्हणून.

बाराव्या दिवशी मागं कोणी नसताना त्यानं चुरमुऱ्याचं कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं. माझ्याकडं बघितलं नाही, वाटीकडं बघितलं. त्या संध्याकाळी तीसेक वेळा मागितले असतील. मॅडम म्हणाल्या होत्या, सुरुवातीला मागेल तेव्हा द्यायचं. दिले. जेवला नाही, हे ओघानं आलंच.

मग मी एक घाण चूक केली. कंटाळून चुरमुऱ्याचं कार्डच कपाटावर लपवलं. मॅडमना सांगितल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, 'बोलणारं पोरगं फार मागतंय म्हणून तुम्ही त्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावाल का?' आता कार्ड वहीतच असतं. चुरमुरे नसले की रिकामा डबा दाखवतो. रडतो, पण त्याचं म्हणणं आमच्यापर्यंत पोचलेलं असतं.

चौथ्या टप्प्यात वाक्याची पट्टी येते. मूळ इंग्रजीत 'मला हवंय' हे एकच कार्ड आधी आणि वस्तू नंतर. मराठीत वस्तू मधी येते: मला, चुरमुरे, पायजे. आम्ही 'मला' आणि 'पायजे' दोन टोकांना कायमचं चिकटवून टाकलं, मधली जागा तो भरतो. गेले दोन महिने इथंच आहोत. प्रश्नाला उत्तर देणं, स्वतःहून काही सांगणं हे पुढचे टप्पे.

एकदा रंकाळ्यावर नेलं. त्यानं भेळवाल्याच्या हातात पट्टी दिली. त्याला वाटलं कसलीतरी जाहिरात. उलटी करून बघितली, मग सरळ केली. 'बरं, पैलवान,' म्हणाला आणि कांदा-चटणी काही न घालता कोरे चुरमुरे कागदात बांधून दिले. पैसे घेतले नाहीत. बायको तोंड फिरवून पाण्याकडं बघत उभी राहिली.

पण मला विचाराल तर खाण्याची कार्डं दुय्यम. मी ती वीस केली होती आणि 'कान' हे एकच, तेही मॅडमनी आग्रह केला म्हणून: कानांवर हात ठेवलेला त्याचाच फोटो. सहा महिने त्याला हात लावला नव्हता. गणपतीत गल्लीत डॉल्बी सुरू झाला, खिडक्या थरथरायला लागल्या. मी त्याचा हात धरायला धावलो, नेहमीसारखा चावेल म्हणून. तो वहीकडं गेला, 'कान' सोडवून आणला आणि दिला. मला नव्हे, आजीला. आजीनं त्याला उचललं आणि मागच्या खोलीत नेऊन दार लावलं. चिकटपट्टी, टप्पे, काही विचारलं नाही.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो वजनापायी. वही आता शाळेच्या दप्तराएवढी जड झालीय आणि बाहेर जाताना हमखास घरी राहते. हे करणार असाल तर नको, पुरे, कान, दुखतंय ही कार्डं पहिल्या महिन्यातच करा, माझ्यासारखी बिस्किटांची रांग लावू नका.

आजीच्या गावाकडं ठेवायला दुसरी वही करायला घेतलीय. तिच्या सांगण्यावरून त्यात चुरमुऱ्याची कार्डं तीन आहेत.