हवाई कसरतींच्या दिवशी 8×42 ची दुर्बीण

समुद्रकिनाऱ्यावर विमानांच्या कसरती पाहायला जाताना कोणती दुर्बीण न्यावी असे विचारले, की 'जितकी जास्त पट, तितकी चांगली' हे उत्तर हमखास मिळते. हे उत्तर मला चुकीचे वाटते आणि त्यामागची कारणे नीट मांडावीत म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. मी गेल्या वर्षी 8×42 मापाची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि पुढच्या भिंगांचा व्यास 42 मिलिमीटर असलेली, मध्यम दर्जाची एक दुर्बीण घेतली आणि अशाच एका प्रदर्शनात सकाळपासून सूर्यास्तापर्यंत वाळूत बसून ती वापरली. सोबत ताई होती. तिने कोणाकडून तरी 10×50 ची दुर्बीण मागून आणली होती, त्यामुळे दोन्हींची तुलना दिवसभर आपोआप होत गेली.

माझ्या दुर्बिणीतून 1000 मीटर अंतरावरचा 142 मीटर रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो, तर ताईच्या दुर्बिणीतून 114 मीटरचा. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण आकाशात तो फार मोठा ठरतो. भारतीय वायुसेनेचे सूर्यकिरण किंवा ब्रिटनचे रेड ॲरोज ही पथके हॉक जातीची नऊ विमाने एकत्र उडवतात. एका विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे 10 मीटर असतो आणि शेजारच्या विमानापासूनचे अंतर अवघे काही मीटर. असा नऊ विमानांचा चौकोन 500 मीटरवर आला, की माझ्या दुर्बिणीत 71 मीटरची आणि ताईच्या दुर्बिणीत 57 मीटरचीच जागा उरते. मला पूर्ण आकृती दिसत होती आणि तिच्यातले एखादे विमान किंचित वरखाली होऊन पुन्हा आपल्या जागी येताना दिसत होते. ताईला मात्र आकृतीचा एकच कोपरा दिसत होता आणि तोही हलता, कारण दहा पट मोठे करणारी दुर्बीण हाताचा कंपही दहा पट मोठा करते. समुद्रावरच्या वाऱ्यात कोपरे छातीशी घट्ट धरूनही तो कंप पूर्णपणे थांबत नाही. तिची दुर्बीण माझ्या दुर्बिणीपेक्षा पाव किलोने जड होती, हेही दुपारनंतर जाणवू लागले.

दुर्बीण कितीही चांगली असली, तरी विमान तिच्यात सापडायला हवे, आणि नवख्या माणसाची सगळी अडचण तिथेच होते. आपण आवाजाच्या दिशेने पाहतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर दूर असलेल्या विमानाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचायला तीन सेकंद लागतात. ताशी 720 किलोमीटर वेगाने जाणारे विमान तेवढ्या वेळात 600 मीटर पुढे निघून गेलेले असते. पहिला अर्धा तास ताई रिकामे आकाशच न्याहाळत होती. "ताई, आवाज येतो तिथे नको, त्याच्या बरीच पुढे बघ," असे सांगितल्यावर तिला विमाने सापडू लागली. विमान आधी नुसत्या डोळ्यांनी पकडावे आणि नजर त्याच्यावरून न हटवता दुर्बीण वर आणून डोळ्यांना लावावी, ही सवय एकदा लागली की रुंद दृष्टिक्षेत्राची, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या रुंद पट्ट्याची, किंमत कळते.

सगळेच प्रसंग दुर्बिणीतून पाहण्यासारखे नसतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. दोन विमाने समोरासमोरून येऊन अगदी जवळून एकमेकांना ओलांडतात, तेव्हा ताशी 600 किलोमीटरने जाणारे प्रत्येक विमान 142 मीटरचा पट्टा एका सेकंदाच्या आत पार करते. ती कसरत उघड्या डोळ्यांनीच पाहावी. याउलट, दुर्बिणीवाचून जे कळलेच नसते, ते एकेकट्या लढाऊ विमानाच्या फेरीत दिसले. विमान तीव्र वळण घेते तेव्हा पंखांच्या वरच्या बाजूला हवेचा दाब एकदम उतरतो, तिथली हवा थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे क्षणभर ढग बनतात. समुद्रावरची हवा दमट असल्यामुळे हा देखावा किनाऱ्यावर अधिक सहज घडतो. नुसत्या डोळ्यांना ती पांढरी चमक वाटते. दुर्बिणीतून मात्र पंखाच्या पाठीवर उमटणारा आणि वळण सुटताच विरून जाणारा पातळ पडदा स्पष्ट दिसला, त्याच्याबरोबर पंखांच्या टोकांपासून निघालेले दोन बारीक दोरेही दिसले. त्या दोन-तीन सेकंदांसाठी मी ही दुर्बीण पुन्हा विकत घेईन.

धुराच्या बाबतीतही तसेच झाले. कसरतींच्या विमानांमागचा पांढरा पट्टा जळण्यातून येत नाही. इंजिनाच्या तप्त झोतात डिझेलसारखे तेल सोडतात, त्याची वाफ होते आणि थंड हवेत तिचे सूक्ष्म थेंब बनतात. रंगीत पट्ट्यासाठी त्यात रंग मिसळतात. पट्टा विमानाच्या शेपटाला चिकटून निघत नाही, मध्ये थोडी मोकळी जागा राहते, हे दुर्बिणीतून पाहिल्यावर ही सगळी क्रिया डोळ्यांसमोर उलगडते.

आता दोष. पहिला दोष भिंगांचा आहे. उजळ आकाशासमोरचे गडद विमान ही कोणत्याही दुर्बिणीची कठीण परीक्षा असते, कारण भिंगातून जाताना वेगवेगळ्या रंगांचे किरण नेमके एकाच बिंदूत येत नाहीत. विमान मध्यभागी असताना त्याची कड स्वच्छ दिसे, पण ते दृष्टिक्षेत्राच्या काठाकडे सरकले की पंखांभोवती जांभळट रेघ उमटे. विमान सतत मध्यभागी ठेवता आले तर त्रास होत नाही, पण वेगवान विमानाच्या बाबतीत हे दरवेळी जमत नाही. अधिक दर्जेदार काचेच्या दुर्बिणीत ही रेघ पुष्कळ कमी असते आणि ज्यांना हा छंद वर्षानुवर्षे करायचा आहे, त्यांनी जादा पैसे वाढीव पटीवर न घालवता अशा काचेवर खर्च करावेत.

दुसरा दोष मला अधिक खटकला. उजव्या आणि डाव्या डोळ्याच्या नजरेतला फरक जुळवण्यासाठी उजव्या नेत्रिकेवर, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगाच्या नळीवर, एक कडे असते. या दुर्बिणीवरचे कडे इतके सैल आहे, की पिशवीतून काढताघालताना ते आपोआप फिरते. पहिल्या हेलिकॉप्टर पथकाचे संपूर्ण प्रदर्शन मी धूसर पाहिले आणि दोष उन्हाने थरथरणाऱ्या हवेला देत बसलो. कडे फिरले असल्याचे ध्यानात आले तेव्हा पथक परतले होते. त्यानंतर मी कड्यावर चिकटपट्टी लावली. अशी युक्ती ग्राहकाला करावी लागणे योग्य नाही. अर्थात पाण्याच्या अगदी जवळून गेलेली विमाने नंतरही थरथरतच दिसली. तापलेल्या वाळूवरच्या आणि पाण्यावरच्या हवेतून पाहताना तो परिणाम टळत नाही आणि पट जितकी जास्त, तितका तो वाढतो.

बाकी रचना समाधानकारक आहे. ताईला चष्मा आहे आणि या दुर्बिणीत नेत्रिकेपासून 17 मिलिमीटरपर्यंत डोळा दूर ठेवता येतो, त्यामुळे तिला चष्मा न काढता संपूर्ण चित्र दिसले; उसन्या दुर्बिणीत ते कडांनी कापले जात होते. फोकसचे चक्र घट्ट आणि सावकाश फिरणारे आहे, आणि एकदा दूरवर जुळवले की दिवसभर त्याला फारसा हात लावावा लागत नाही. गळ्यातला पट्टा मात्र अरुंद असल्याने तासाभरात मानेला रुततो. दोन्ही खांद्यांवर वजन वाटणारा पट्टा वेगळा घ्यावा.

एक गोष्ट मात्र दुर्बीण कोणतीही असली तरी पाळायलाच हवी. विमानाचा मागोवा घेताना ते सूर्याच्या दिशेने जाऊ लागले, की दुर्बीण तत्काळ खाली घ्यावी. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिल्यानेही दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. लहान मुलांच्या हाती दुर्बीण देताना तर बसण्याची जागाच अशी निवडावी, की सूर्य पाठीशी राहील.

संध्याकाळी प्रकाश उतरल्यावर 42 मिलिमीटरच्या भिंगांचा उपयोग कळला. 42 ला 8 ने भागले की 5.25 मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. भर दुपारी बुबुळाचे छिद्र दोन-तीन मिलिमीटरच उघडे असल्यामुळे त्यातला पुष्कळ प्रकाश वाया जातो, पण कातरवेळी छिद्र मोठे होते आणि तो झोत कामी येतो. शेवटचे विमान करड्या समुद्रावरून आले तेव्हा त्याच्या पुढच्या दिव्यामागची नाकाची गोलाई आणि काचेचे छत मला वेगवेगळे ओळखता आले.

घरी आल्यावर भिंगांवर खाऱ्या तुषारांचा थर आणि वाळूचे कण होते. त्यावर थेट रुमाल फिरवला तर भिंगावरच्या लेपावर ओरखडे उठतात. म्हणून आधी फुंकणीने वाळू उडवावी, मग दुर्बीण जलरोधक असेल तर स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेने मीठ धुवून काढावे आणि शेवटी मऊ कापडाने टिपावे. ताई आता स्वतःसाठी 8×42 च घेणार आहे. तिला मी एवढेच सांगितले, की दुकानाच्या दाराशी उभे राहून उजळ आकाशासमोरची एखादी तार दुर्बिणीतून पाहा आणि ती तार काठाकडे नेऊन जांभळी रेघ किती उमटते ते बघ. मग दुर्बीण चार वेळा पिशवीत घालून बाहेर काढ आणि उजव्या नेत्रिकेवरचे कडे जागचे हलले का, ते तपास.