पावसाळा काढलेले कपलर : अ‍ॅम्बेसिडरच्या वायरिंगचा नऊ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत कामाला हात घातला, आता नोव्हेंबर चाललाय. मधल्या काळात खानापूर-जांबोटीचा अख्खा पावसाळा गेला आणि चोर्ला घाटातून गोव्याच्या चार फेऱ्या झाल्या. म्हणून आता लिहितोय. वायरिंगचं काम झाल्याच्या दिवशी सगळेच दिवे लागतात, त्यावरून काही कळत नाही.

गाडी १९८६ ची मार्क ४ अ‍ॅम्बेसिडर, १४८९ सीसी पेट्रोल. बाबांनी निपाणीला तंबाखूच्या व्यापारात असताना घेतलेली. ते गेल्यावर ती सहा वर्षं वखारीतच उभी होती आणि तेवढ्यात उंदरांनी पुढचं वायरिंग कुरतडलं. त्याआधी तीसेक वर्षांत ज्याला जिथं सापडलं तिथं त्यानं वायर सोलली, पिळली, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. ती पट्टी सोडवताना चिकट लगदा हाताला लागायचा आणि आतली तांब्याची तार हिरवी-काळी निघायची.

पुढच्या वायरिंगचं तयार किट मागवलं. वायरी बऱ्या निघाल्या, रंगही ब्रिटिश लुकास पद्धतीचे बरोबर होते : बॅटरीकडून येणारी तपकिरी, अर्थिंगची काळी, अप्परची (लांबच्या झोताची) निळी-पांढरी, डिपरची (जवळच्या झोताची) निळी-लाल. पण कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लास्टिकचे खोके, गाडीला बसेनात. हेडलाईटचे तीन पिनांचे होल्डर ढिले होते आणि स्टिअरिंगखालच्या लाईट स्विचचा कपलर भलत्याच मापाचा. तेव्हा ठरवलं, गाडीचे मूळ कपलर जपायचे, त्यातल्या वायरींच्या टोकाच्या धातूच्या पिना काढून टाकायच्या आणि नव्या वायरींवर नव्या पिना दाबून त्याच कपलरांत बसवायच्या.

त्यासाठी घेतलेला रॅचेटचा क्रिम्पिंग प्लास (पिन वायरीवर दाबून बसवायची पकड) हाच या अनुभवातला मुख्य हिरो. साधारण अकराशे रुपयांना पडला. साध्या पकडीनं थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) चेपलं की ते चपटं होतं, पण तारेला धरत नाही. रॅचेटचा प्लास पूर्ण दाबल्याशिवाय उघडतच नाही, त्यामुळे प्रत्येक पिनेवर सारखाच दाब पडतो. उघड्या पिनेला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी नुसत्या तांब्यावर मिटली पाहिजे, मागची वायरीच्या रबरावर. मागची जोडी नीट बसली नाही तर गाडीच्या थरथरीनं तार नेमकी पुढच्या पंखांपाशी तुटते. सुरुवातीच्या दहा-बारा पिना मी रद्दी वायरीवर दाबून बघितल्या, हातानं ओढून पाहिल्या आणि चार निघून आल्या. एक स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीला प्लासचा लहान खाचा ढिला पडत होता. बाजूचं दातेरी चाक दोन घरं फिरवल्यावर नीट बसू लागला. नवा प्लास घ्याल तेव्हा हे आधी करा, नाहीतर दोष पिनांवर येतो.

पिन कपलरमधून काढणं हे निराळंच कौशल्य. पिनेच्या पाठीवर एक बारीक जीभ असते, ती प्लास्टिकच्या खाचेत अडकते. समोरून पातळ पात्यानं ती जीभ दाबायची, वायर आधी किंचित आत ढकलायची आणि मग मागं ओढायची. नुसती ओढली तर प्लास्टिक फाटतं. जुनं प्लास्टिक वाळून कडक झालेलं असतं, म्हणून मी प्रत्येक कपलर पाचेक मिनिटं गरम पाण्यात ठेवत होतो, मग पुसून वाळवून काम. तरी एक फुटलाच. नवी पिन घालताना जीभ वर उचललेली आहे ना, हे बघायचं. ‘टिक’ असा आवाज आला की मागून हलकं ओढून खात्री करायची.

आमच्या भागातल्या एका जुन्या वायरमन मामांना दाखवलं, तर ते म्हणाले, “अख्खं किट एकदम ओढलास तर रात्रभर बसशील बघ. एक काढ, एक घाल की.” तेच केलं. बॅटरीची अर्थिंगची वायर आधी सोडली, प्रत्येक वायरीला कागदी पट्टीवर आकडा लिहिला. तीन रविवार गेले. मामांचा झाळणीवर (वायरी कथील वितळवून जोडण्यावर) मात्र फार भरवसा, तिथं मी त्यांचं ऐकलं नाही. झाळ तारेतून वर चढतो, तेवढा भाग कडक होतो आणि तो संपतो तिथं थरथरीनं तार तुटते. वखारीतून निघालेल्या वायरिंगमध्ये अशा दोन तुटलेल्या वायरी मला सापडल्या.

आता आकडे. इंजिन चालू, बॅटरीवर १४ व्होल्ट. जुन्या वायरिंगवर हेडलाईटच्या बल्बपाशी ११.६ मिळत होते. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर प्रकाश तीसेक टक्के घटतो, म्हणजे माझा जवळजवळ निम्मा उजेड सांध्यांतच जळत होता. अप्परवर ६० वॅटचे दोन बल्ब मिळून दहा अँपिअर ओढतात, एवढ्या करंटला व्होल्टेज पाडायला गंजलेला एक सांधाही पुरतो. नुसते कपलर आणि अर्थिंग नीट केल्यावर बल्बपाशी १२.९ आले, नंतर रिले (हेडलाईटला बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) बसवल्यावर १३.५. गेल्या आठवड्यात पुन्हा मोजलं : १३.४. पावसाळ्यानंतर एवढाच फरक, याचं मला फार समाधान आहे.

तक्रारीही आहेत. ऑगस्टमध्ये कणकुंबीच्या अलीकडे मुसळधार पावसात ब्रेक लाईट गेला. सोडवून पाहिलं तर तिथल्या जोडावरची स्लीव्ह, म्हणजे वर चढवायची नळी, साधी होती, आतून डिंक नसलेली. तापवल्यावर ती आवळते, पण पाणी अडवत नाही. डिंकवाली स्लीव्ह महाग पडते, तरी चाकाजवळ आणि डिकीत तीच लावा. दुसरं, उजव्या हेडलाईटची अर्थिंग मी रंगावरच बोल्टनं आवळली होती, ती जूनमध्ये मिणमिणू लागली. रंग खरवडून पत्रा उघडा केला, बोल्ट आवळून वर व्हॅसलिन लावलं, तेव्हापासून ठीक. आणि प्लासची मूठ तास-दोन तासांनी तळहाताला काचते, त्यावर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चढवलाय.

मागचं वायरिंग अजून जुनंच आहे. डिकीतले बुलेट जॉइंट (गोळीसारख्या टोकाचे वायरींचे जोड) सोडवून बघितले, आत हिरवा गंज आहे. पिना आणि डिंकवाली स्लीव्ह आणून ठेवली आहे, थंडीतल्या एखाद्या रविवारी ते काम काढणार.