सीतेची वेणी, वांदा की डेंड्रोबियम: घरी पहिली रानआमरी कोणती आणावी?

रानातली आमरी, म्हणजे ऑर्किड, घरी लावायची आहे, कोणती आणू, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते: तुमच्याकडे ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं? मे महिन्यात चार दिवस गावाला गेलात तर पाणी कोण घालणार? या दोन उत्तरांत निम्मी निवड झालेली असते. नुसतं फूल बघून ठरवणारे बहुतेक जण सीतेची वेणी आणतात, आणि पुण्यासारख्या कोरड्या हवेत ती दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत सुरकुतते. माझी पहिली अशीच गेली. त्यानंतर बारा वर्षं मी तिन्ही झाडं सांभाळते आहे, काही पुण्यातल्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत, काही दापोलीजवळच्या माहेरच्या अंगणात. इथे लिहिते आहे ते त्या दोन जागांमधल्या फरकातून शिकलेलं आहे.

तिन्ही आपल्याकडच्या, तिन्ही झाडांवर वाढणाऱ्या. गावाकडे यांना सरसकट बांडगूळ म्हणून काढून टाकतात, ते बघून पोटात तुटतं. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून रस ओढतं. आमरी फक्त सालीला धरून बसते. तिच्या मुळांवर स्पंजसारखं पांढुरकं आवरण असतं, ते पावसाचं आणि दवाचं पाणी टिपून घेतं. कोरडं मूळ रुपेरी दिसतं, भिजलं की हिरवं होतं. पाणी द्यायचं की नाही हे मुळाकडे बघून कळतं, त्यासाठी वेगळं काही शिकावं लागत नाही.

सीतेची वेणी

शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. आपल्या घाटात मे-जूनमध्ये फुलते. जाड, पन्हळीसारख्या पानांच्या बगलेतून एक तुरा खाली लोंबतो, आणि त्यावर शंभराच्या आसपास फुलं इतकी दाटीनं बसतात की देठ दिसत नाही. पांढऱ्यावर जांभळट गुलाबी ठिपके. वेणी हे नाव कोणी ठेवलं असेल त्याला मनोमन नमस्कार करावासा वाटतो. आसामात हिला कोपौ फूल म्हणतात, तिथलं ते राज्यफूल आहे आणि बोहाग बिहूला नाचणाऱ्या मुली ते अंबाड्यात माळतात. बिहू एप्रिलच्या मध्यात येतो, तिथे ही आपल्या आधी फुलते.

नावाचा एक घोळ आधीच सांगते. आपल्याकडे सीतेची वेणी हे नाव एरिडीस मॅक्युलोसा या दुसऱ्या आमरीलाही देतात. तिचा तुरा विरळ असतो, फुलं गुलाबी आणि ठिपक्यांची, आणि प्रत्येक फुलाची खालची रुंद पाकळी गडद गुलाबी. एरिडीस मॅक्युलोसा फक्त भारतातच सापडते आणि सांभाळायला थोडी सोपी आहे. रोप विकत घेताना त्यामुळे मराठी नावावर न थांबता शास्त्रीय नाव विचारा. फूल नसेल तर पानं बघा: ऱ्हिंकोस्टायलिसच्या पानांवर लांबीच्या दिशेनं फिकट रेघा दिसतात.

हिची खरी अडचण मुळांची. मुळं जाड असतात, आणि एकदा धरलेली जागा सोडायला लावली की झाड रुसतं. जागा बदलल्यावर वर्ष-दोन वर्षं फूल न येणं ही नेहमीची गोष्ट आहे. शिवाय हिला हवेत ओल लागते. दापोलीला आंब्यावर बांधलेली माझी वेणी जून ते ऑक्टोबर एका थेंबाचीही मागणी करत नाही आणि दर वर्षी फुलते. पुण्यात तीच जात मार्च ते मे रोज सकाळी आणि संध्याकाळी पाणी मागते. एक दिवस चुकला तर लगेच काही होत नाही, पण सलग आठवडा चुकला की खालची पानं पिवळी पडून गळतात, आणि गळलेल्या पानाच्या जागी पुन्हा पान येत नाही. झाड खालून उघडं पडत जातं.

वांदा

वांदा टेसेलाटा. संस्कृतातल्या वंदा या शब्दावरूनच हिच्या सगळ्या प्रजातीला शास्त्रीय नाव मिळालं आहे. बंगालकडे हिच्या मुळ्या रास्ना म्हणून औषधात वापरतात. ही पानगळीच्या कोरड्या रानातली, विदर्भातल्या उन्हातही टिकणारी. फुलं तुऱ्यात पाच ते दहा, प्रत्येक साधारण पाच सेंटीमीटर. पिवळट हिरव्यावर तपकिरी चौकटी, आणि मध्ये निळसर जांभळी पाकळी. वेणीसारखा डोळे दिपवणारा बहर नाही. पण सकाळी ऊन चढलं की गोड वास येतो आणि बाल्कनीचं दार उघडताच तो घरात शिरतो. वेणीला असा वास नाही.

फुलायचा ठरलेला महिना नाही. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत कधीही तुरा निघतो, चांगलं ऊन मिळालं तर वर्षातून एकापेक्षा जास्त वेळाही. सकाळचं तीन-चार तासांचं थेट ऊन हिला आवडतं. पानं गडद हिरवी झाली म्हणजे झाड खूश आहे असं लोकांना वाटतं, खरं तर त्याला ऊन कमी पडतंय. फुलणाऱ्या वांद्याची पानं किंचित पिवळसर असतात. उन्हाळ्यात दिवसातून एकदा पाणी पुरतं. मी एकदा मे महिन्यात पाच दिवस घरी नव्हते. परत आले तेव्हा पानं जरा मिटल्यासारखी झाली होती, आठवड्यात सावरली.

माझं स्पष्ट मत: पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूर इथे पहिली आमरी वांदाच असावी. वेणीचा मोह आवरत नसेल तर वांदा दोन उन्हाळे जगवून दाखवा, मग वेणी आणा.

डेंड्रोबियम बार्बाटुलम

पश्चिम घाटातली ही छोटी आमरी पाणी आणि जागा दोन्ही बाबतींत सर्वांत कमी मागते. पावसाळ्यात कांड्यांना पानं फुटतात, पाऊस सरला की पानं गळतात, आणि थंडी संपता संपता त्या उघड्या काड्यांच्या टोकाशी पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. पानं नाहीत, फक्त काड्या आणि फुलं. आणि इथेच घात होतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काड्या वाळल्यासारख्या दिसतात, आणि झाड मेलं म्हणून माणसं ते फेकून देतात. माझ्या आत्यानं फेकलेलं एक मी उकिरड्यावरून उचलून आणलं. "अगं, ते कधीच वाळलं," ती म्हणाली. फेब्रुवारीत ते फुललं तेव्हा तिला बोलावून दाखवलं.

हिवाळ्यात हिला जवळजवळ उपाशी ठेवायचं. आठवड्यातून एकदा-दोनदा हलका फवारा, खत बंद. दया येऊन पाणी घातलंत तर फुलांऐवजी कांड्यांवर पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, फुटतात. ज्यांना रोज झाडाशी काहीतरी करावंसं वाटतं त्यांना हा संयम जड जातो, त्यांनी वांदा घ्यावा. ज्यांना हिवाळ्यात लक्ष द्यायला वेळ नाही त्यांच्यासाठी हीच.

जमिनीतल्या आमऱ्यांचा विचार मात्र सोडून द्या. कासच्या सड्यावर पावसाळ्यात दिसणाऱ्या पांढऱ्या हबेनारिया पाहून अनेकांना कंद आणावासा वाटतो. त्यांचं मातीतल्या बुरशीशी जन्माचं नातं असतं, ती माती, तो ओलावा, तो दगड कुंडीत येत नाही. घरी आणलेला कंद फार तर एक पावसाळा तग धरतो.

कुठे बसवायची

अंगण असेल तर झाडावर, दुसरा विचार नको. आंबा, फणस, जांभूळ, चिकू चालतात. पेरू आणि निलगिरी नको, साल सोलून पडते आणि तिच्याबरोबर आमरीही. बाल्कनी असेल तर वेणी आणि वांद्यासाठी सागाच्या पट्ट्यांची उघडी पेटी, आत फक्त कोळशाचे आणि विटेचे मोठे तुकडे. डेंड्रोबियम आंब्याच्या फांदीच्या तुकड्यावर किंवा नारळाच्या सोडणावर छान बसतं. माती अजिबात नाही, कोकोपीटही नाही. पावसाळ्यात कोकोपीट ओलं राहतं आणि मुळं कुजतात. बांधायला सुती दोरी किंवा जुने नायलॉनचे पायमोजे घ्या. तांब्याची तार वापरू नका, तांबं मुळांना विषारी आहे.

बोअरवेलचं जड पाणी असेल तर मुळांवर पांढरा थर बसतो. पावसाचं पाणी पिंपात साठवा, नाहीतर महिन्यातून एकदा तरी गोड्या पाण्यानं मुळं धुऊन काढा. खत म्हणून शेतीच्या दुकानातलं १९:१९:१९ पुरतं, लिटरभर पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा. पावसाळ्यातल्या गोगलगायी मुळांची हिरवी टोकं रातोरात खातात, त्या रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या.

रोप आणायचं कुठून

हा मुद्दा माझ्यासाठी वरच्या सगळ्यापेक्षा मोठा आहे. रानातून काढलेलं रोप घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. राखीव जंगलातून, अभयारण्यातून रोप उचलणं गुन्हा आहे, आणि सगळ्या आमऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीतही आहेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक साधं कारण आहे. आमरीच्या एका शेंगेत धुळीसारखं बारीक बी असतं, हजारांनी, कधी लाखांनी. त्या बियांत अन्नसाठाच नसतो. योग्य बुरशी भेटली तरच बी रुजतं, आणि रुजल्यावरही फुलायला कित्येक वर्षं जातात. आंब्यावरून ओरबाडलेल्या एका वेणीची जागा भरायला रानाला किती काळ लागेल, याचा हिशोब करून बघा.

अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नुडसन यांनी १९२२ मध्ये साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर, म्हणजे समुद्रशेवाळापासून केलेल्या जेलीवर, बुरशीशिवाय आमरीचं बी रुजवून दाखवलं. आज बाटलीत वाढवलेली रोपं मिळतात ती त्याच वाटेनं. सिक्कीममधल्या पाक्योंगला १९९६ पासून राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र आहे. रोपवाटिकेत विचारा: हे बाटलीतलं आहे का? उत्तर देताना विक्रेता घुटमळला तर रोपाकडे बघा. रानातून काढलेल्या रोपाची मुळं तुटलेली असतात, त्यांना सालीचे तुकडे चिकटलेले असतात, जुन्या पानांवर कीड लागल्याचे डाग असतात. माझी ती पहिली वेणी अशीच होती, मला तेव्हा ओळखता आलं नाही. बाटलीतलं रोप लहान, एकसारखं, स्वच्छ असतं आणि फुलायला आणखी तीन-चार वर्षं लावतं. ती वाट बघायची तयारी ठेवा. वादळात पडलेल्या तुमच्या स्वतःच्या आंब्यावरची आमरी मात्र जरूर वाचवा आणि शेजारच्या झाडावर बांधा.

परवा दोघींनी विचारलं. एक नागपूरची मैत्रीण, पूर्वेचा सज्जा, मेमध्ये पारा ४५ अंशांवर. तिला वांदा सांगितला, दुपारी हिरव्या जाळीची सावली धरायला सांगितली. दुसरी माझी वहिनी, दापोलीला, अंगणात जुना चिकू. तिला म्हटलं, वहिनी, तुम्ही वेणीच लावा, इतकी चांगली जागा तिला पुण्यात मिळणार नाही. दोघींनाही एकच सांगितलं: मृगाचा पाऊस लागला, मुळांची टोकं हिरवी दिसू लागली की बांधा, आणि दोरी पुढच्या पावसाळ्यापर्यंत सोडू नका.