चेहऱ्याची एक बाजू ‘भरून’ देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

एक गाल बसका किंवा हनुवटी एका बाजूला कललेली, अशी तक्रार घेऊन गेलेल्यांना पार्लरवजा ‘क्लिनिक’मध्ये पहिल्याच भेटीत फिलर (कातडीखाली भर देणारे द्रव्य) टोचतात. चेहरा वाकडा का दिसतो, हे कुणी तपासलेलेच नसते. एका बाजूने चावण्याच्या सवयीमुळे जबड्याचा स्नायू फुगला असेल, तर दुसरी बाजू भरल्याने चेहरा नुसता रुंद होतो. हाडच तिरके असेल तर आधी दात-जबड्याच्या तज्ज्ञाला दाखवावे. आणि तोंड अचानक वाकडे झाले असेल तर पक्षाघाताची शक्यता असते. तडक रुग्णालय गाठायचे.

दुसरी लबाडी सिरिंजमध्ये. ‘पूर्ण चेहरा अमुक रुपयांत’ असे पॅकेज देणाऱ्याला विचारा, किती मिली आणि कोणते द्रव्य? एका सिरिंजमध्ये साधारण १ मिली, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग असतो. स्वस्तात देणारे एकच सिरिंज दोघांत वापरतात (यातून रक्तातले संसर्ग पसरू शकतात), नाहीतर खोके न दाखवता आतून भरून आणतात. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द ऐकलात तर सरळ उठून या. हायलुरोनिक आम्लाचे फिलर बहुधा ६ ते १८ महिन्यांत ओसरते आणि बिघडलेच तर हायलुरोनिडेज हे विकर (एन्झाइम) टोचून विरघळवता येते. ‘कायमस्वरूपी’ म्हणून टोचले जाणारे द्रव सिलिकॉन मात्र विरघळत नाही. त्याच्या गाठी कित्येक वर्षांनीही उठतात, आणि शस्त्रक्रियेनेही ते पूर्ण निघेलच असे नाही. सुईऐवजी दाबाने फिलर आत ढकलणाऱ्या ‘पेन’बद्दल अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०२१ मध्येच इशारा दिला आहे.

टोचल्यावर लगेच काढलेल्या फोटोवर भुलू नका. त्या फुगवट्यात सूजही असते. खरा आकार साधारण दोन आठवड्यांनी कळतो. सूज असतानाच ‘अजून थोडे कमी आहे’ म्हणून दुसरी सिरिंज विकणे, हा तर नेहमीचा डाव.

सगळ्यात गंभीर धोका म्हणजे फिलर रक्तवाहिनीत शिरणे. कातडी पांढरी पडते, मग जांभळट जाळी उमटते, दुखणे वाढत जाते. नाक, भुवयांमधली जागा आणि कपाळ इथे तर दृष्टीही जाऊ शकते. अशा वेळी हायलुरोनिडेज तिथल्या तिथे, भरपूर मात्रेत लागते. ‘तुमच्याकडे आत्ता आहे का, दाखवा’ असे आधीच विचारा. ‘बर्फ लावा, उद्या या’ हे उत्तर मिळाले तर न थांबता मोठे रुग्णालय गाठा.

टोचणाऱ्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळा. सीलबंद खोके समोर उघडायला लावा. त्यावर आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक, मुदत हवी. सिरिंजसोबतचे लॉट क्रमांकाचे स्टिकर स्वतःकडे घ्या, बिलावर द्रव्याचे नाव आणि मिली लिहून घ्या. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. बोगस डॉक्टर असेल तर पोलिसांकडे, माल संशयास्पद असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे जा. स्टिकर नसेल तर आत काय गेले ते ना तक्रारीत दाखवता येते, ना पुढच्या डॉक्टरला ठरवता येते की हे विरघळेल की कापूनच काढावे लागेल.