छोट्या गाडीचे इंजिन ऑइल: स्वतः बदलावे, ओळखीच्या गॅरेजमध्ये द्यावे की अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये?

छोट्या गाडीच्या मालकासमोर इंजिन ऑइल बदलण्याचे तीन मार्ग असतात: घरच्या घरी स्वतः बदलणे, एखाद्या विश्वासू मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये देणे किंवा कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सोडणे. यांतला सर्वांत चांगला कोणता, असे विचारले की चर्चा बहुधा पैशांवर येऊन थांबते. ऑइल बदलणे आणि गाडीची देखभाल करणे ही प्रत्यक्षात दोन वेगळी कामे आहेत. पहिले सरळ, ठरलेल्या क्रमाचे आणि शिकता येण्याजोगे आहे. दुसऱ्यासाठी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहणारी अनुभवी नजर लागते. त्यामुळे सगळी कामे एकाच ठिकाणी देण्याऐवजी कामागणिक जागा ठरवणे अधिक शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

आधी ऑइलबद्दल, कारण तिन्ही ठिकाणांमधला पहिला फरक इथेच दिसतो. छोट्या गाडीच्या इंजिनात साधारणपणे तीन ते चार लिटर ऑइल मावते. डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असा ग्रेड लिहिलेला असतो. त्यातला पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते ते सांगतो आणि दुसरा ते तापल्यावर किती दाट राहते ते. त्याच्या जोडीला दर्जाची खूणही असते. एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेचा एसपी हा दर्जा २०२० मध्ये आला आणि त्यात टायमिंग चेनची (इंजिनातले भाग एका लयीत फिरवणाऱ्या साखळीची) झीज व टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगावर होणारे अकाली ज्वलन यांचा विचार केलेला आहे. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड आणि जो दर्जा लिहिला असेल तोच वापरावा. ०डब्ल्यू-२० साठी बनलेल्या इंजिनात ‘जाड ऑइल बरे’ म्हणून दुसरे काही ओतू नये. सर्व्हिस सेंटरमध्ये ऑइल बहुधा मोठ्या पिंपातून मोजून घातले जाते. ते योग्य ग्रेडचे असण्याची शक्यता मोठी असली तरी आपल्याला ते दिसत नाही. गॅरेजमध्ये सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला सांगता येते, किंवा तो आपणच नेऊन देता येतो. घरी तर प्रश्नच उरत नाही.

स्वतः ऑइल बदलण्याचे काम ऐकायला जितके किरकोळ वाटते तितकेच ते प्रत्यक्षातही आहे, मात्र दोन जागा सोडून. इंजिन थोडे कोमट करून बंद करावे, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट खाली येते. मग गाडी सपाट जागी जॅकने उचलून जॅक स्टँडवर टेकवावी आणि जमिनीवर असलेल्या चाकांना पुढून-मागून अडण लावावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालू नये. या एका नियमाला अपवाद नाही. पहिली नाजूक जागा म्हणजे ड्रेन बोल्ट, म्हणजेच ऑइल साठवणाऱ्या चेंबरच्या तळाचा, जुने ऑइल बाहेर सोडण्याचा बोल्ट. अनेक छोट्या गाड्यांचे ऑइल चेंबर ॲल्युमिनियमचे असते आणि बोल्ट पोलादी, त्यामुळे लांब पान्याने जोर लावून आवळला की चेंबरचे आटे जातात. बोल्ट सुरुवातीला हातानेच फिरवावा, तो सहज आत गेला तरच पाना लावावा, आणि शेवटची आवळणी टॉर्क रेंचने (किती जोर लागतो ते मोजणाऱ्या पान्याने) पुस्तकातल्या आकड्याइतकीच करावी. खालचा वायसर दाबून बसणारा असेल तर तो दर वेळी नवाच घालावा. दुसरी जागा फिल्टरची. डब्यासारखा फिरवून बसणारा जुना फिल्टर काढल्यावर त्याचा रबरी गास्केट कधीकधी इंजिनलाच चिकटून राहतो. तो न पाहता नवा फिल्टर बसवला की एकावर एक दोन गास्केट येतात आणि इंजिन सुरू होताच ऑइल दाबाने बाहेर फेकले जाते. बोटाने ती बैठक पुसून पाहावी, नव्या गास्केटला ताजे ऑइल लावावे आणि तो टेकल्यानंतर फिल्टरवर लिहिल्याप्रमाणे, साधारण पाऊण फेरा, हातानेच आवळावा.

हे वाचून उत्साह मावळत असेल तर मावळू द्यावा. सपाट जागा, जॅक स्टँड आणि निवांत वेळ नसणाऱ्याने हे काम केलेच पाहिजे असे काही नाही. शिवाय काढलेल्या ऑइलची जबाबदारीही आपल्यावरच येते. ते त्वचेला वारंवार लागणे घातक असल्याने हातमोजे हवेत, आणि गटारात किंवा मातीत न ओतता झाकणबंद डब्यात भरून वापरलेले ऑइल स्वीकारणाऱ्या ठिकाणी पोहोचवायला हवे, कारण त्यावर प्रक्रिया करून ते पुन्हा वापरता येते. गॅरेज किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये ही डोकेदुखी त्यांची.

चांगल्या गॅरेजचे खरे मोल ऑइल बदलण्यात नसते. गाडी वर चढवल्यावर ड्राइव्ह शाफ्टचे (चाके फिरवणाऱ्या दांड्याचे) फाटलेले रबरी बूट, शॉक ॲब्सॉर्बरमधून पाझरलेले तेल किंवा आतल्या बाजूने झिजलेला टायर मेकॅनिकला चटकन दिसतो. फाटका बूट वेळीच कळला तर बूट आणि ग्रीस एवढ्यावर काम भागते. उशिरा कळला तर आत धूळ जाऊन सांधाच निकामी होतो आणि वळताना कटकट आवाज येऊ लागतो. घरी गाडीखाली आडवे पडून टॉर्चच्या उजेडात हे दिसेलच असे नाही. गॅरेजची उणी बाजू म्हणजे सगळे त्या एका माणसाच्या सवयीवर अवलंबून असते: टॉर्क रेंच तो वापरतो का, वायसर बदलतो का, बिलावर किलोमीटर लिहितो का, हे एकदा समोर उभे राहून पाहावे.

सर्व्हिस सेंटरकडे कंपनीची उपकरणे असतात, संगणकातल्या नोंदी असतात आणि एखाद्या भागाच्या मोफत बदलाची घोषणा झाली असेल तर ती त्यांना कळते. वॉरंटी चालू असताना या नोंदींना वजन असते. मात्र तिथे जॉबकार्ड भरताना सुचवली जाणारी इंजिन फ्लश, ऑइलमध्ये घालायचे रसायन, इंजिनावरचे चकचकीत कोटिंग अशी कामे पुस्तकातल्या वेळापत्रकाशी ताडून पाहावीत. त्यात नसतील तर सरळ नको म्हणावे.

ऑइलखेरीजची कामे वाटून घेणे सोपे आहे. एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, वायपरचे रबर, काच धुण्याचे पाणी आणि टायर थंड असताना तपासायची हवा ही कामे घरीच करावीत. त्यासाठी रांगेत गाडी लावण्यात अर्थ नाही. कूलंटची पातळी टाकीवरच्या खुणांवरून पाहावी, पण गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. ब्रेक ऑइल मात्र घरगुती काम नव्हे. ते हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो: डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलची किमान मर्यादा २३० अंश सेल्सिअस आहे, तर ओलावा शोषलेल्या अवस्थेतली १५५. बदलताना नळ्यांत हवा राहिली तर पेडल खाली जाते, म्हणून साधारण दोन वर्षांनी किंवा पुस्तकात दिलेल्या मुदतीला हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. टायमिंग बेल्ट, गिअरबॉक्सचे ऑइल आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे ब्रेक पॅडही त्याच गटात.

निवड आता गाडीच्या वयावर येते. वॉरंटीतली गाडी मी निमूटपणे सर्व्हिस सेंटरमध्ये नेईन, कारण त्या काळात चार पैसे वाचवून कागदपत्रांचा वाद ओढवून घेण्यात शहाणपण नाही. वॉरंटी संपलेल्या साध्या पेट्रोल गाडीचे ऑइल आणि फिल्टर घरी बदलायला हरकत नाही, फक्त वर्षातून एकदा ती गॅरेजच्या लिफ्टवर चढायला हवी. रोज थोडे थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरते तापत नाही, इंधन आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये साचतो, म्हणून पुस्तकातली खडतर वापराची कमी मुदत तिला लागू होते. अशा गाडीला घरचा मार्ग विशेष सोयीचा पडतो, कारण दोन सर्व्हिसिंगच्या मधली जास्तीची ऑइलबदली आपली आपल्याला उरकता येते. जुनी गाडी नुकतीच विकत घेतली असेल आणि आधीच्या नोंदी नसतील, तर पहिली फेरी गॅरेजमध्येच करावी, सगळी द्रव्ये बदलून घ्यावीत आणि त्या दिवसाचे किलोमीटर वहीत लिहून पुढचे वेळापत्रक तिथून मोजावे. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या डिझेल गाडीत कमी राखेचे विशिष्ट ऑइल लागते आणि चुकीच्या ऑइलने तो महागडा फिल्टर तुंबत जातो. तिथे डबा कोणीही उघडो, त्यावरचा दर्जा आधी स्वतः वाचून घ्यावा.